आरसीवर 1966, डॅशबोर्ड पद्मिनीचा: मग सीट कोणत्या सालाची लावायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातली जुनी फियाट 1100, आरसी बुकात उत्पादनाचं साल 1966. पत्र्याचं काम उरकलंय, रंग बाकी आहे. आत मात्र खिचडी: डॅशबोर्ड बघणारा प्रत्येक जण म्हणतो 'हा पद्मिनीचा' (म्हणजे याच गाडीच्या नंतरच्या अवताराचा), पुढचं आणि मागचं सीट एकमेकांशी जुळत नाही, दारांचे पॅड कुणीतरी नंतर करून घेतलेले. इटलीतला एक विक्रेता '1966 फियाट 1100' असं लिहिलेलं अख्खं ट्रिम किट, म्हणजे आतल्या सजावटीचं सगळं सामान, पाठवायला तयार आहे. घ्यावं का?

घेऊ नका. त्या खोक्यावरचं 1966 तुरिनचं, म्हणजे फियाटच्या इटलीतल्या गावचं आहे आणि तुमच्या गाडीचं 1966 कुर्ल्याचं. ही दोन वेगळी सालं आहेत.

इटलीत फियाटने 1100 डी 1962 मध्ये आणली आणि 1966 मध्ये ती बंद करून तिच्या जागी 1100 आर आणली. आरमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून खाली फ्लोअरवर गेला, पुढे डिस्क ब्रेक आले. आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात डी काढायला सुरुवात केली ती 1964 मध्ये, आणि मग तीच गाडी नावं बदलत बदलत 2000 च्या आसपासपर्यंत काढत राहिले. आर इथे कधी बनलीच नाही. त्यामुळे इटालियन पार्ट्स कॅटलॉगात 1966-67 चं पान उघडलंत की भारतात नसलेल्या गाडीचं इंटिरियर समोर येण्याची दाट शक्यता. त्यात तिकडची गाडी डाव्या स्टिअरिंगची: डॅशचा पत्रा उलटा, ग्लोव्हबॉक्स उलट्या बाजूला, रबर मॅटमधली पेडलची भोकं नको तिथे. नाव एक आणि माल वेगळा हा प्रकार इंजिनापर्यंत जातो. इटलीतल्या डीला 1221 सीसीचं इंजिन होतं, आपल्या डीला जुनंच 1089 सीसीचं. किट विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणत नाही, त्याला कुर्ल्याचं कॅलेंडर माहीत असायचं कारणच नाही.

खरी डोकेदुखी दुसरीच आहे. साठीतली (1960 च्या दशकातली) डिलाइट, सत्तरीतली प्रेसिडेंट, पुढची पद्मिनी, सगळ्यांचा बॉडीचा सांगाडा जवळपास तोच. कारखाना चालू होता तोवर ही सोय होती, कारण कुठल्याही सालाचं सामान थोड्याशा ठोकाठोकीत बसायचं. रिस्टोरेशन करणाऱ्याला हीच सोय नडते. बाकी गाड्यांत चुकीचा भाग बसत नाही म्हणून कळतं तरी, फियाटमध्ये तो गुपचूप बसतो. 'बोल्ट बरोबर लागले म्हणजे ओरिजिनल' हे गॅरेजमधलं तर्कट इथे अजिबात लावू नका.

हे सामान येतं कुठून तेही बघा. चोर बाजारात, कुर्ल्याच्या भंगारात किंवा पुण्यात नाना पेठेत 'फियाटचा ओरिजिनल माल' म्हणून जे समोर ठेवतात, त्यातलं बरंचसं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमधून उतरलेलं असतं. त्या टॅक्स्या बहुतेक शेवटच्या काळातल्या पद्मिनी. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. म्हणजे माल अस्सल कुर्ल्याचा असतो यात वाद नाही, पण तुमच्या गाडीपेक्षा वीस-तीस वर्षांनी तरुण. डावीकडच्या पत्र्यावर जुन्या मीटरच्या ब्रॅकेटची आणि केबलची भोकं बुजवलेली दिसली तर तो भाग कुठून आला हे विचारायची गरज नाही.

आता तुमच्या गाडीचं साल. आरसीवरचा आकडा ही सुरुवात आहे, पुरावा नाही. नंबरप्लेट तीन अक्षरं आणि चार आकडे अशी जुनी असेल तर बरं. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि मग एमएच-12 वगैरे मालिका आल्या. साठीतल्या गाडीवर एमएच नंबर दिसला याचा अर्थ मध्ये कधीतरी फेरनोंदणी झाली, आणि दर फेरनोंदणीत एका कारकुनाने आधीच्या कारकुनाचं अक्षर लावून माहिती उतरवली. त्यात 1964 चं 1966 व्हायला वेळ लागत नाही. आरटीओतल्या मूळ नोंदीचा उतारा मागा, पहिली नोंदणी आणि उत्पादन या दोन तारखा वेगळ्या बघा, घरात जुनी विक्रीची पावती किंवा विम्याचा कागद असेल तर त्यावरचा चासी नंबर जुळवा. बाहेरून आलेल्या गाड्यांत या दोन तारखांमध्ये कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या एसटीसी या सरकारी व्यापार महामंडळामार्फत इथे विकल्या जात, आणि अशा गाडीची इथली कागदपत्रं तिच्या जन्माबद्दल फारसं बोलत नाहीत.

कायद्यापुरतं म्हणाल तर पहिल्या नोंदणीची तारीखच धरतात. केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांवरची, खासगी वापराची, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या नंबराखाली नोंदवता येते, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये. तुमची गाडी त्यात बसते. पण फॉर्मवर नोंदणीची तारीख लिहायची आणि सीटचं रेक्झिन मात्र उत्पादनाच्या तारखेवरून ठरवायचं, हे मनात पक्कं ठेवा.

इंजिन नंबरावरून बॉडीचं साल काढायला जाऊ नका. साठ वर्षांत फियाटचं इंजिन बदललं नसेल तर आश्चर्य. बॉनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावर असलेली पाटी आणि ठोकलेला चासी नंबर, एवढंच धरून चाला, आणि पाटीचे रिवेटही बघा. रंगाच्या थराखाली बसलेले जुने रिवेट एक गोष्ट सांगतात, चकचकीत पॉप रिवेट दुसरी. मग त्या नंबराच्या आगेमागे असलेल्या गाड्या शोधा. कारखान्याच्या नोंदी तुम्हा-आम्हाला सहज मिळत नाहीत, पण मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांमध्ये एकाच घरात राहिलेल्या, पहिली पावती जपलेल्या फियाट आहेत. तुमच्या नंबराच्या जवळची आणि न छेडलेली एक गाडी बघायला मिळाली तर दहा कॅटलॉगांपेक्षा तिचा उपयोग जास्त. मालकाला विचारून तिच्या आतले फोटो घ्या: दाराच्या पॅडची शिवण, सीटच्या कडेची पायपिंग, सनव्हायजरचं ब्रॅकेट, नॉब, मॅटची कड. बाहेरून सगळी गाडी दाखवणारे फोटो आपल्या कामाचे नाहीत.

आणि मग स्वतःच्या गाडीकडे वळा. रंगाला जाण्याआधी हे करणं अत्यावश्यक आहे, कारण पेंटरने एकदा आतून फवारा मारला की निम्मे पुरावे गेले.

दारांचे पॅड उतरवा. पॅड बदललेले असले तरी त्यामागचा पत्रा कारखान्याचाच असतो, आणि पत्र्यातली भोकं फार काही सांगतात. कारखान्यात पाडलेल्या भोकाची कड स्वच्छ असते आणि मूळ रंग भोकाच्या आतपर्यंत उतरलेला असतो. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाला बर, म्हणजे पत्र्याची खरखरीत कड असते, आत नागडा पत्रा आणि गंज. कारखान्याची भोकं खडूने गोल करून त्यांचा नकाशा काढा. मूळ पॅडच्या क्लिपा कुठे होत्या, आर्मरेस्ट होतं की नव्हतं, हँडलची उंची किती, हे सगळं तिथे आहे. आर्मरेस्टला कारखान्याची भोकंच नसतील तर कितीही सुंदर आर्मरेस्ट मिळालं तरी ते तुमच्या गाडीचं नाही. डॅशबोर्डवर हीच तपासणी. डॅश खरंच नंतर बदलला असेल तर तो जिथे बॉडीला जोडला जातो तिथे रंगाच्या दोन वेगळ्या कहाण्या दिसतील: बॉडीवर मूळ रंग, डॅशच्या पाठीवर दुसऱ्याच गाडीचा.

साठीतल्या डॅशचा पत्रा रंगवलेला असे, त्यामुळे गाडीचा मूळ रंगही इथेच सापडतो. ग्लोव्हबॉक्सच्या आतली बाजू, डॅशखालची पट्टी, मागच्या सीटखालचा पत्रा. या जागा एकाही पेंटरने नीट घासलेल्या नसतात. बारीक पॉलिश पेपरने एका जागी गोल घासत गेलात तर रंगांचे थर एकाभोवती एक कड्यांसारखे उघडे पडतात. सगळ्यात आतला, प्रायमरला लागून असलेला रंग तुमचा.

मागचं सीट उचला. खाली काय काय सापडतं याची यादी केली तर वेगळा लेख होईल, पण आपल्याला हवा आहे रेक्झिनचा तुकडा. नंतरचा कुशनवाला घाईत असला तर मूळ कव्हर न काढता वरूनच नवं चढवतो, आणि त्याचा हा आळस आपल्या पथ्यावर पडतो. कव्हरची कड जिथे चौकटीखाली वळवून अडकवलेली असते तिथे, पायपिंगच्या आतल्या घडीत, सीट आणि पाठ मिळतात त्या खाचेत बघा. ऊन न लागलेला मूळ रंग तिथेच असतो. वरचा, सूर्याने खाल्लेला रंग जुळवून नवं रेक्झिन आणलं तर सीट पहिल्या दिवसापासून फिकट दिसते, आणि पुण्यातल्या अर्ध्या 'रिस्टोअर' केलेल्या गाड्यांत हेच झालेलं आहे.

कव्हरच्या आत काय भरलंय त्यावरून सीट शेवटची कधी उघडली ते कळतं. त्या काळच्या आपल्या गाड्यांची रीत म्हणजे स्प्रिंगची चौकट, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, कुठे कापसाचा थर, आणि वर कव्हर. स्प्रिंगवर थेट पीयू फोमचा ठोकळा दिसला तर काम नंतरचं. कव्हरखाली गादी दाबली की भुगा पडतो तो जुना रबराचा फोम असू शकतो. शिवणीचा एक दोरा उसवून गाडीपासून लांब, बाहेर जाळून बघा: सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, नायलॉन वितळून टोकाला मणी होतो. रेक्झिनचा तुकडा मात्र जाळू नका, पीव्हीसीचा धूर वाईट असतो. आणि कुशनवाल्याने भरणात कोंबलेलं वर्तमानपत्र सापडलं तर तारीख वाचून ते जपून ठेवा. त्या तारखेआधी ते सीट शिवलं गेलेलं नाही, एवढं तरी नक्की.

हाच नियम प्रत्येक शिक्क्याला लावायचा: शिक्का 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो, 'याच सालचं' असं सांगत नाही. गाडीतले विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास-टीव्हीएसची स्थापना 1961 ची, म्हणजे तो शिक्का असलेला स्विच पन्नाशीतल्या गाडीचा मूळ असूच शकत नाही, साठीतल्या गाडीचा असू शकतो. प्रिकॉलचं मीटर दिसलं तर ते सत्तरीच्या दशकाआधीचं नाही, कारण कंपनीच तेव्हाची. असाही ग्लासची काच ऐंशीच्या दशकाआधीची नाही. काच फुटून बदललेली असते म्हणून काचेच्या शिक्क्यावरून गाडीचं वय काढणाऱ्यांकडे मी फारसं लक्ष देत नाही. तो शिक्का काचेपुरता बोलतो. इंग्रजी बनावटीच्या जुन्या लुकास भागांवर महिना आणि साल ठोकलेलं असे, '9 56' असं. ब्रिटिश गाडी असेल तर डॅशमागच्या सगळ्या लुकास भागांवरचे हे आकडे लिहून काढा. बहुतेक आकडे एका महिन्या-दोन महिन्यांत जमले तर गाडी त्यानंतर लगेच जुळवली गेली, आणि एखादाच आकडा पाच वर्षं पुढचा असला तर तो भाग बदललेला. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा आणि साठीच्या सुरुवातीला मैल गेले, त्यामुळे ब्रिटिश गाडीत मैलाचा स्पीडोमीटर असला पाहिजे तिथे किलोमीटरचा दिसला तर थांबून विचार करा.

एक सावधगिरी. युद्धाआधीच्या मीटरांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत रेडियमचा रंग असू शकतो. आकडे चमकायचे थांबले तरी रेडियम तिथेच असतं. अशी डायल घासू नका, उघडून फुंकरही मारू नका.

आपला प्रश्न फियाटचा आहे, पण हे उत्तर दुसऱ्या गाड्यांचे मालकही वाचतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. अमेरिकन जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) गाडीत फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, बॉडी पाटीवर ट्रिमचा वेगळा क्रमांक असतो, त्यावरून कापड आणि रंग दोन्ही निघतात. फक्त लक्षात ठेवा, अमेरिकन मॉडेलचं साल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच सुरू होतं, त्यामुळे 1954 च्या नोव्हेंबरात बनलेली गाडी 1955 ची असते. इंग्लंडहून तयार आलेल्या मॉरिस, ऑस्टिनसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं, त्यात उत्पादनाची तारीख आणि बऱ्याचदा आतला रंग मिळतो. राजघराण्यातली रोल्स-रॉइस असेल तर प्रकरण निराळंच. युद्धाआधी कंपनी फक्त चासी विकायची, बॉडी बार्कर, हूपर यांच्यासारखे कोचबिल्डर बांधायचे, आणि हौशी मालक दहा वर्षांनी त्याच चासीवर नवी बॉडी चढवायचे. अशा गाडीत आतलं सगळं बॉडीच्या सालाशी जुळवायचं, चासी नंबराशी नाही. 1926 च्या चासीवर 1936 ची बॉडी असेल तर 1926 चे दिवे आणि कातडं शोधणं म्हणजे पैसे आणि गाडी दोन्हींची नासाडी.

परत तुमच्या फियाटकडे. समजा तपासणीतून गाडी खरोखर 1966 ची निघाली. तरी 'अचूक 1966 चा नॉब' असा हट्ट धरू नका. परवाने आणि आयातबंदीच्या त्या काळात कुर्ल्याला पुरवठादाराकडून जे आलं ते लागलं, जुना साठा संपेपर्यंत जुनाच लागला, आणि एकाच महिन्यातल्या दोन गाड्यांत फरक असायचा. आपण विचारायचं ते इतकंच: हा भाग त्या वर्षी कुर्ल्याच्या लाइनवर असू शकला असता का? 1965 चा असला तर हो. ऐंशीतल्या पद्मिनीचा काळा प्लास्टिकचा असला तर नाही. शेवटच्या काळातल्या एस-1 ची फ्लोअर गिअर आणि बकेट सीटची जोडी तर मुळीच नाही. तुमच्या गाडीला पुढे एकसंध बाकासारखं सीट आणि स्टिअरिंगवरचा गिअर हवा.

मालकाने पहिल्या काही वर्षांत बसवलेल्या गोष्टींबद्दल माझं मत कडक नाही. त्या काळातला रेडिओ, डॅशवरचा छोटा पंखा, टर्किश टॉवेलची पांढरी सीट कव्हरं, हे सगळं त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, 2012 ची सनदही जे टिकलंय ते राखण्याकडे झुकते. (ती सनद तुरिनच्या नावाने ओळखली जाते, फियाटवाल्यांना बरं वाटेल.) मूळ मागचं सीट उसवलेलं पण जिवंत असेल तर ते शिवून घ्या. नव्या पुढच्या सीटशी त्याचा रंग जरा कमी जुळला तरी चालेल. स्पर्धेतला परीक्षक काय म्हणेल याची काळजी बहुतेक मालक गरजेपेक्षा जास्त करतात. सीट बेल्ट मूळ गाडीत नव्हता, कारण कारखान्यांवर पुढच्या बेल्टची सक्ती 1994 पासूनची. तरी गाडी हायवेवर नेणार असाल तर मी बेल्ट बसवतो. सीटखालच्या मजबूत पत्र्यात आतून प्लेट देऊन बसवतो, म्हणजे पुढे काढला तरी डोळ्यांना दिसत नाही.

खरेदीत घाई फक्त दोन गोष्टींची करा: मीटरचा संच आणि स्टिअरिंग. साठीतली ही दोन्ही मिळायला वेळ लागतो आणि त्यांची नक्कल जमत नाही. पॅड, मॅट, रेक्झिन बनवून घेता येतं. रेक्झिनचा दाणा, म्हणजे त्यावरचा पोत, मूळ तुकड्याशी दिवसा उजेडात जुळवा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. पूर्ण ताग्यातून एकदम घ्या, पुढच्या खेपेचा रंग हमखास वेगळा येतो. कुशनवाल्याला जुनं कव्हर फेकू देऊ नका. ते उसवून त्याच्यावरूनच नवं बेतायचं, पट्ट्यांची रुंदी मोजून, अंदाजाने नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. पॅड उतरवून भोकांचा नकाशा आणि फोटो, मग आतला मूळ रंग शोधून पेंटरला नमुना, मग रंग. त्यानंतर आणि काचा बसवण्याआधी छताचं आतलं लायनिंग. त्याची कड पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली जाते, त्यामुळे काचा आधी बसल्या तर लायनिंगसाठी त्या पुन्हा काढाव्या लागतील, आणि जुनी काच दुसऱ्यांदा निघताना तडकण्याचा धोका असतो. योग्य सालाचा डॅश ताब्यात येईपर्यंत वायरिंग पूर्ण करून बंद करू नका. वायरमन नाराज होईल, होऊ द्या.